कमिटची किल्ली आणि मताचा हक्क

डेबियन या लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टीमच्या मुक्तस्रोत (म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता-बदलता येतो अशा) प्रकल्पात काम करणाऱ्यांचे दोन वर्ग शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिल्या वर्गातील माणसाला काही ठरावीक पॅकेजेस (बसवण्यासाठी तयार करून ठेवलेली सॉफ्टवेअर) थेट प्रकल्पाच्या संग्रहात अपलोड करता येतात, म्हणजे त्याने पाठवलेला कोड दुसऱ्या कोणाच्या हाताखालून न जाता लोकांच्या संगणकांकडे निघतो. पण प्रकल्पाचा नेता निवडण्याची वेळ येते तेव्हा त्याला मत नसते. दुसऱ्या वर्गातील माणसाला मत असते, नेत्याच्या निवडणुकीला उभे राहण्याचाही हक्क असतो, मात्र एकही पॅकेज अपलोड करण्याची परवानगी नसते. पहिला वर्ग २००७ मध्ये आणि दुसरा २०१० मध्ये, दोन्ही डेबियनच्या सदस्यांनी रीतसर मतदान करून निर्माण केले.

मुक्तस्रोत प्रकल्पांकडे बाहेरून पाहणाऱ्यांना, आणि आत काम करणाऱ्या पुष्कळांनाही, हे दोन हक्क एकच वाटतात: जो कोड लिहितो तो निर्णय घेतो, आणि ज्याला कोडमध्ये बदल करता येतो त्यालाच मत असते. माझ्या मते या दोन हक्कांचा स्वभावच वेगळा आहे, आणि ते एकाच मापाने मोजून एकाच वेळी देण्याच्या सवयीमुळे प्रकल्पांचे दोन्ही बाजूंनी नुकसान होते. गृहनिर्माण संस्थेत प्रत्येक सभासदाला एक मत असते, पण पाण्याच्या पंपाची किल्ली प्रत्येकाकडे नसते. ती ज्याच्याकडे असते तो बहुधा संस्थेचा सभासदही नसतो, आणि यात कोणाला काही विपरीत वाटत नाही.

आधी ‘कमिट’ म्हणजे काय ते पाहू. एखाद्या प्रकल्पाचा सगळा कोड आणि त्यात आजवर झालेल्या प्रत्येक बदलाची नोंद जिथे ठेवलेली असते, त्या जागेला रिपॉझिटरी म्हणतात, आणि तिच्यात एखादा बदल कायमचा नोंदवणे म्हणजे कमिट करणे. जुन्या पद्धतीत ही रिपॉझिटरी एकाच सर्व्हरवर असे. वाचण्याची मुभा सर्वांना, पण लिहिण्याची परवानगी मोजक्या खात्यांना. बाकीच्यांनी आपला बदल पॅच म्हणून पाठवायचा आणि परवानगी असलेल्या कोणीतरी तो तपासून आत घ्यायचा, अशी रीत होती. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पात या परवानगीला ‘कमिट बिट’ म्हणतात आणि ती एकसंध नाही: मूळ प्रणालीच्या कोडसाठी वेगळी, बाहेरची सॉफ्टवेअर बसवण्याच्या ‘पोर्ट्स’साठी वेगळी आणि दस्तऐवजांसाठी वेगळी. नव्याने बिट मिळालेल्या माणसाला सुरुवातीला एक मार्गदर्शक नेमून दिला जातो आणि त्याच्या संमतीनेच त्याने बदल नोंदवायचे असतात. हक्क एका झटक्यात पूर्ण न देता हळूहळू मोकळा करत नेण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते.

एप्रिल २००५ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे गिट हे साधन लिहायला घेतले आणि ‘कमिट’ या शब्दाचा अर्थच बदलला. गिटमध्ये प्रत्येकाकडे रिपॉझिटरीची संपूर्ण प्रत असते आणि आपापल्या प्रतीत कोणीही, कोणालाही न विचारता, हवे तेवढे कमिट करू शकतो. त्यामुळे आज आपण ‘कमिट-हक्क’ म्हणतो तेव्हा खरे तर वेगळेच विचारत असतो: इतक्या साऱ्या प्रतींपैकी जी प्रत सर्वजण प्रकल्पाची अधिकृत प्रत मानतात, तिच्यात बदल आणण्याचा अधिकार कोणाचा? लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, या प्रश्नाचे उत्तर उतरंडीसारखे आहे. प्रत्येक विभागाचा मेंटेनर, म्हणजे देखभाल करणारा, आपल्या भागातील पॅच तपासून स्वतःच्या प्रतीत गोळा करतो आणि मग ते वर पाठवतो. मुख्य प्रतीत अखेरचे विलीनीकरण टॉरवाल्ड्स करतात. तिथे कोणता कोड आत घ्यायचा यावर मतदान होत नाही, आणि तरीही जगातील सर्वांत मोठ्या मुक्तस्रोत प्रकल्पांपैकी एक असलेला हा प्रकल्प चालतो. म्हणजे मत आणि कमिट यांचे नाते अपरिहार्य नाही, हे इथेही दिसते.

आता मताकडे वळू. मुक्तस्रोत जगातील मतदानाचे सर्वांत तपशीलवार नियम अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनचे आहेत, आणि त्यांचा उगम समजून घेतला की नियमांमागचे कारण आपोआप कळते. इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या संस्थेत लिहिला गेलेला एक वेबसर्व्हर १९९४च्या मध्यात त्याचा मुख्य लेखक तिथून गेल्यावर पोरका झाला. तो वापरणारे लोक आपापल्या गरजेप्रमाणे पॅच लिहीत होतेच. फेब्रुवारी १९९५ मध्ये त्यांतील आठ जणांनी हे पॅच एकत्र ठेवण्यासाठी गट केला, आणि त्यातूनच अपाचे हा वेबसर्व्हर उभा राहिला. ते वेगवेगळ्या ठिकाणी राहत होते, वेगवेगळ्या नोकऱ्या करत होते, आणि कोणी कोणाचा साहेब नव्हता. अशा गटाला निर्णय घ्यायचा तर ईमेलवर मत नोंदवण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता, आणि त्या आठ जणांत लिहिणारा तोच ठरवणारा होता. कमिट आणि मत यांची गाठ तिथे स्वाभाविकपणे बसली. पुढे १९९९ मध्ये फाउंडेशन स्थापन झाले, प्रकल्पांची संख्या वाढली, आणि ती गाठ हळूहळू सोडवावी लागली.

आज अपाचेच्या प्रकल्पांत मत तीन प्रकारे नोंदवले जाते: अनुकूल असेल तर +१, तटस्थ असेल तर ०, विरोध असेल तर -१. पण या -१ चे वजन प्रसंगानुसार बदलते. कोडमधील बदलाबाबत, बंधनकारक मत असलेल्या एकाही माणसाने -१ दिले तर तो नकाराधिकार ठरतो आणि बदल थांबतो, मग बाकीचे दहा जण अनुकूल असले तरी. मात्र त्या माणसाला तांत्रिक कारण द्यावे लागते. कारणाविना दिलेला नकार ग्राह्य धरला जात नाही. याउलट, नवी आवृत्ती प्रसिद्ध करायची असेल तेव्हा कोणाला नकाराधिकार नसतो. तिथे किमान तीन बंधनकारक +१ लागतात आणि अनुकूल मते प्रतिकूल मतांपेक्षा अधिक असावी लागतात. या भेदामागचा विचार सरळ आहे. चुकीचा कोड आत आला तर सर्वांना त्रास होतो, म्हणून एकाची सकारण शंकाही पुरेशी मानली जाते. पण आवृत्ती अडवून धरण्याची ताकद एकाच्या हाती दिली तर तो एकटा सगळ्या प्रकल्पाला ओलीस ठेवू शकतो.

शिवाय दर गोष्टीला मतदान होत नाही. ‘मी अमुक करणार आहे, कोणाची हरकत असेल तर सांगा’ असे कळवायचे, साधारण ७२ तास थांबायचे, आणि कोणी काही बोलले नाही तर मौनाला संमती समजून पुढे जायचे, ही पद्धत तिथे रूढ आहे. ७२ तास यासाठी की जगाच्या वेगवेगळ्या टोकांना राहणाऱ्या, फावल्या वेळात काम करणाऱ्या माणसाला ईमेल वाचायला अवधी मिळावा.

बंधनकारक मत कोणाचे, हा प्रश्न इथे येतो. अपाचेत कमिटर वेगळा आणि प्रकल्प व्यवस्थापन समितीचा सदस्य वेगळा. काही प्रकल्प दोन्ही एकदमच देतात, पण नियमाने ते भिन्न आहेत: आवृत्ती प्रसिद्ध करण्यासारख्या निर्णयांत समितीच्या सदस्यांचीच मते मोजली जातात, आणि बाकी कोणीही, अगदी काल आलेला वापरकर्ताही, मत नोंदवू शकतो, परंतु ते सल्ला म्हणून धरले जाते. मला ही मोजली न जाणारी मते फार महत्त्वाची वाटतात, कारण त्यांतूनच कोण लक्ष देऊन तपासते, कोणाच्या शंका खऱ्या ठरतात हे दिसत जाते आणि पुढचे समिती-सदस्य सापडतात.

‘जो लिहितो तो ठरवतो’ या तत्त्वात एक मोठी उणीव आहे आणि ती आपल्या भाषेच्या अनुभवाशी थेट जोडलेली आहे. एखादे सॉफ्टवेअर मराठीत वापरता यावे यासाठी कोणीतरी हजारो छोटी वाक्ये भाषांतरित केलेली असतात. ‘फाइल’ ठेवावे की ‘धारिका’ म्हणावे यावर विचार केलेला असतो. अनेकवचनाची रूपे आणि क्रियापदांचे लिंग सांभाळलेले असते. हे काम करणाऱ्याने कोडची एक ओळही लिहिलेली नसेल. तसेच दस्तऐवज लिहिणारे, बग तपासून वर्गवारी करणारे, सर्व्हर सांभाळणारे, संमेलने भरवणारे. पुढील आवृत्ती कधी काढायची किंवा शब्दांत बदल करणे कोणत्या तारखेनंतर थांबवायचे, या निर्णयांचा सर्वाधिक भार भाषांतरकारांवर पडतो, कारण अखेरच्या आठवड्यात कोणी मेनूचा मजकूर बदलला तर पन्नास भाषांतील माणसांना रात्री जागावे लागते. अशा माणसाला त्या निर्णयात मत नसावे, हे मला न्याय्य वाटत नाही.

लिनक्सवरील नोम या डेस्कटॉपचा प्रकल्प सांभाळणाऱ्या नोम फाउंडेशनने याचे उत्तर आरंभीच दिले: भाषांतर, दस्तऐवज किंवा अन्य मार्गाने लक्षणीय योगदान देणारा कोणीही तिथे सदस्य होऊ शकतो आणि संचालक मंडळाच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. फ्रीबीएसडीत दस्तऐवजांचा कमिट बिट असलेल्या सक्रिय माणसाचे मत मूळ प्रणालीवर काम करणाऱ्याच्या मताइतकेच असते. डेबियनने २०१० मध्ये जो वर्ग निर्माण केला तो नेमका याच विचाराने. त्यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी की या लोकांना मत देताना अपलोडची परवानगीही सन्मान म्हणून सोबत दिली गेली नाही. ज्याला ती लागत नाही त्याला ती द्यायचे कारण नाही. न वापरली जाणारी प्रत्येक किल्ली चोरीला जाऊ शकते.

किल्लीचा प्रश्न किती गंभीर असू शकतो ते २०२४ मध्ये सर्वांना दिसले. एक्सझेड ही माहिती लहान करून साठवणारी एक छोटी आज्ञावली आहे. बहुतेक सर्व लिनक्स संगणकांवर ती असते आणि जवळजवळ कोणाच्या लक्षातही नसते. अनेक वर्षे तिचा भार एकाच स्वयंसेवकावर होता. २०२१च्या अखेरीपासून जिया टॅन या नावाने कोणीतरी व्यवस्थित, उपयोगी पॅच पाठवू लागले. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी ईमेल येऊ लागले की प्रकल्प संथ चालला आहे, मेंटेनरला वेळ नसेल तर त्याने दुसऱ्या कोणाला तरी अधिकार द्यावेत. थकलेल्या मेंटेनरने, जो नियमित काम करत होता त्यालाच अधिकार दिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५.६.० आणि नंतरच्या ५.६.१ या आवृत्त्यांत एक चोरवाट दडवलेली होती, जी काही लिनक्स वितरणांत एसएसएच या दूरस्थ प्रवेशाच्या व्यवस्थेला पोखरत होती. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना आपल्या चाचण्यांत एसएसएचने प्रवेश करायला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे असे दिसले, त्यांनी त्याचा माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार जाहीर केला.

या घटनेतून ‘अनोळखी माणसाला किल्ली देऊ नका’ एवढाच अर्थ काढला तर तो चुकीचा ठरेल, कारण मुक्तस्रोतात प्रत्येकजण सुरुवातीला अनोळखीच असतो. त्या चोरवाटेचा एक भाग चाचणीच्या फायली म्हणून रिपॉझिटरीत कमिट झाला होता, पण तो जागा करणारा तुकडा रिपॉझिटरीत नव्हताच. तो फक्त प्रसिद्धीसाठी बांधलेल्या गाठोड्यात, म्हणजे वापरकर्ते जे उतरवून घेतात त्या संग्रहात, घातलेला होता. रिपॉझिटरीतील प्रत्येक कमिट कोणी डोळ्यांत तेल घालून वाचला असता तरी तो तुकडा दिसला नसता. कमिट करणे आणि आवृत्ती प्रसिद्ध करणे या दोन वेगळ्या किल्ल्या आहेत, आणि दुसरी पहिलीपेक्षा धोक्याची आहे, हे अनेक प्रकल्पांनी आजही नीट लिहून ठेवलेले नाही. गिटमध्ये चुकीचा कमिट मागे घेता येतो आणि त्याची नोंदही राहते. प्रसिद्ध झालेली आवृत्ती मात्र लाखो संगणकांवर गेलेली असते.

म्हणून माझे मत असे आहे की कमिटचा हक्क देताना हात थोडा सैल असावा आणि प्रसिद्धीचा हक्क देताना आवळलेला असावा. २००५ मध्ये सुरू झालेल्या पग्ज या, पर्ल ६ ही प्रोग्रामिंग भाषा घडवून पाहणाऱ्या प्रकल्पात ऑड्री टॅंग यांनी कमिट-हक्क अक्षरशः मागेल त्याला वाटले होते, आणि तो प्रयोग त्या काळी उत्साहाने चालला. तो संशोधनाचा प्रकल्प होता, तिथे चुकीची किंमत लहान होती. बँका आणि रुग्णालये ज्यावर चालतात त्या कोडबाबत तसे करता येणार नाही. पण तिथेही एक साधा नियम पुष्कळ काम करतो: स्वतःचा बदल स्वतःच विलीन करायचा नाही आणि स्वतः बांधलेली आवृत्ती एकट्याने प्रसिद्ध करायची नाही. अपाचेच्या तीन मतांच्या अटीचे हेच मोल आहे, कारण +१ देणाऱ्याने ते गाठोडे स्वतः उतरवून, बांधून, तपासून मगच मत द्यायचे असते. अर्थात ज्या प्रकल्पात माणूसच एक आहे तिथे तीन मते आणायची कुठून, हा प्रश्न उरतोच, आणि एक्सझेडची खरी दुखरी जागा तीच होती.

डेबियनची सदस्य करून घेण्याची रीत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. अर्जदाराच्या कामाची ग्वाही आधीच्या सदस्याने द्यावी लागते, प्रकल्पाचा सामाजिक करार आणि तांत्रिक नियम त्याला कळतात का हे तपासले जाते, आणि त्याच्या डिजिटल स्वाक्षरीच्या किल्लीवर आधीच्या डेव्हलपरांनी सह्या केलेल्या असाव्या लागतात, ज्या रूढीने प्रत्यक्ष भेटून आणि ओळखपत्र पाहून केल्या जातात. ही अट युरोपातील माणसाला सोपी आणि नागपूर किंवा कोल्हापूरच्या माणसाला अवघड, कारण आसपास डेव्हलपरच कमी. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनचे वार्षिक संमेलन कोचीला भरले, तेव्हा अशा भेटी भारतातच होऊ शकल्या. विश्वासाची प्रत्येक कडक अट कोणत्यातरी भूगोलाला झुकते माप देते, आणि प्रकल्पांनी त्याची भरपाई जाणीवपूर्वक केली पाहिजे.

मत वापरकर्त्यांना असावे का, असाही प्रश्न नेहमी विचारला जातो. त्यांच्यासाठीच तर हे सारे चालले आहे, मग त्यांना आवाज का नसावा? आवाज असलाच पाहिजे, पण मोजले जाणारे मत नसावे, असे मला वाटते. कारण मतदारयादी करता आली पाहिजे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर कोण वापरते याची नोंद नसते, आणि ती नसणे हा त्याच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे. एक्सझेडच्या मेंटेनरवर दडपण आणणारी ती अनोळखी नावे आठवा. ईमेलचा पत्ता हीच मतदाराची पात्रता असती तर त्यांना दडपण आणण्याचीही गरज पडली नसती, त्यांनी मतदानाने तो प्रकल्प ताब्यात घेतला असता.

कंपन्यांचा प्रश्न याच्याच शेजारचा. आज मोठ्या प्रकल्पांत काम करणाऱ्यांपैकी अनेकांना त्या कामाचा पगार मिळतो, आणि त्यात गैर काही नाही. अपाचेचा नियम असा की हक्क माणसाला मिळतो, त्याच्या कंपनीला नाही. त्याने नोकरी बदलली तरी तो त्याच्यासोबत जातो आणि रिकाम्या खुर्चीवर कंपनी दुसरा माणूस बसवू शकत नाही. पण सगळ्या खुर्च्या एकाच कंपनीच्या माणसांनी भरल्या तर हा नियम कागदावरच राहतो. म्हणून पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या पाच जणांच्या सुकाणू समितीत एकाच कंपनीचे दोनपेक्षा अधिक सदस्य चालत नाहीत. पोस्टग्रेसच्या मुख्य गटानेही, त्यांतील काहींच्या कंपन्या २०२० मध्ये एकमेकींत विलीन झाल्यावर, कोणत्याही एका कंपनीची माणसे निम्म्याहून अधिक नसावीत हे पाळले आणि गटात नवे सदस्य घेतले.

हक्क कधी संपतो, हे सर्वांत कमी बोलले जाते. दहा वर्षांपूर्वी उत्तम काम केलेल्या माणसाचे मत आज मोजायचे का? अपाचेत असे मानतात की कमावलेली पात्रता शिळी होत नाही. माणूस परत आला तर त्याचे स्वागत असते. फ्रीबीएसडीत मात्र मुख्य समितीच्या निवडणुकीत, गेल्या बारा महिन्यांत कमिट केलेल्यांनाच मत असते. डेबियनने तिसरीच वाट काढली: सदस्य मत देवोत न देवोत, ठरावाला लागणारी गणसंख्या सदस्यसंख्येच्या वर्गमूळावरून काढायची. एक हजार सदस्य असतील तर सुमारे ३१.६ हे वर्गमूळ, त्याचे निम्मे आणि त्याची तिप्पट, म्हणजे किमान ४८ जणांची पसंती लागते. त्यामुळे निद्रिस्त सदस्य प्रकल्पाला अडवू शकत नाहीत आणि चार-पाच जण मिळून सगळ्यांच्या वतीने ठरवूही शकत नाहीत. मत टिकू द्यावे, परंतु किल्ली वापरात नसेल तर ती काढून ठेवावी, अशी विभागणी मला योग्य वाटते. परत आलेल्याला किल्ली पुन्हा देता येते आणि त्यात कोणाचा अपमान नाही.

हे सगळे नियम भांडण होण्याआधी लिहिलेले असावेत, एवढी एक गोष्ट पायथॉनने स्वतःच्या अनुभवातून शिकली. जुलै २०१८ मध्ये पायथॉनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी, एका छोट्या वाक्यरचनेवरून झालेल्या दीर्घ वादानंतर, अखेरचा शब्द देण्याच्या भूमिकेतून निवृत्ती घेतली आणि उत्तराधिकारी नेमला नाही. कमिट-हक्क असलेले डेव्हलपर होते, पण अशा प्रश्नावर मत कोणाचे आणि ते कसे मोजायचे हे लिहिलेले नव्हते. म्हणून कारभाराची सात प्रारूपे मांडली जात असतानाच मतदान कसे घ्यायचे याचाही दस्तऐवज वेगळा लिहावा लागला, आणि डिसेंबर २०१८ मध्ये निकाल लागला. त्या दस्तऐवजात मतदारयादीविषयी एक विनंती होती. मत सर्व डेव्हलपरांना देता येईल, पण जे बराच काळ निष्क्रिय आहेत आणि पुढेही तसेच राहणार आहेत, त्यांनी आपणहून मत देऊ नये, कारण निर्णयाचे परिणाम त्यांना भोगायचे नाहीत. कोणाचेही नाव यादीतून काढले नाही; ठरवण्याचे काम ज्याच्या त्याच्यावर सोपवले.